शनीची सही

मोताळ्याच्या बसस्टँडसमोर, रसवंती आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या मधे, दोन बांबूंना बांधलेल्या फ्लेक्सवर मंजुश्री तायडेला स्वतःचा चेहरा दिसला. तिला आधी वाटलं, कॉलेजनं प्रवेशाची जाहिरात लावली असेल. जवळ जाऊन तिनं वाचलं.

"सूर्यालाही सुटका नाही, तिथे तुमचं-आमचं काय? ग्रहांचा प्रभाव आता विज्ञानालाही मान्य. डॉ. मंजुश्री तायडे यांचे संशोधन." त्याखाली लग्नजुळणी, साडेसाती शांती, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत "प्रज्वल ॲस्ट्रो सेंटर, झेरॉक्सच्या वर, पहिला मजला."

फोटो सत्काराच्या कार्यक्रमातला होता. काहीतरी समजावताना तिचा हात वर गेला होता, आणि कुणीतरी तिच्या डोक्यामागे शनीची कडी चिकटवली होती. तसबिरीत देवाच्या मागे असते तशी. हातातली भाजीची पिशवी तिनं रसवंतीच्या बाकावर ठेवली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

सत्कार आठ दिवसांपूर्वी झाला होता. तालुक्यातल्या बारावीच्या गुणवंत मुलांचा. मंजुश्री ज्युनिअर कॉलेजात नऊ वर्षं फिजिक्स शिकवत होती, आणि त्यातल्या सहा वर्षांच्या दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुण्यात काढून तिनं पीएच.डी. केली होती. म्हणून प्रमुख वक्ता म्हणून तिला बोलावलं होतं. मुलांना कळेल असं, पण आपल्या कामाचंच काहीतरी सांगायचं तिनं ठरवलं.

सूर्यासारखा तारा म्हातारा होतो तेव्हा फुगतो, लाल होतो आणि अंगावरचा वायू थराथरानं बाहेर सोडू लागतो, असं तिनं सांगितलं. शेवटी आत एक लहानसा, पांढरा, तापलेला गोळा उरतो, आणि त्याच्या उजेडात बाहेर गेलेला वायू चमकू लागतो. त्याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. नाव चुकून पडलेलं. जुन्या दुर्बिणीतून तो ढग ग्रहासारखा वाटोळा दिसला म्हणून. ग्रहांचा त्याच्याशी काही संबंध नाही, असंच पुष्कळ वर्षं शिकवत होते. पण मग एक कोडं राहत होतं. तारा गोल, तर त्याचा ढगही गोल हवा. प्रत्यक्षात बरेचसे ढग फुलपाखरासारखे, डमरूसारखे, गोगलगाईच्या शंखासारखे वळसे घेतलेले. ताऱ्याला जोडीदार असला की असं होतं. कधी तो दुसरा तारा असतो, तर कधी आपल्या गुरूहूनही जड एखादा ग्रह. तो त्या वाहत्या वायूत फिरत राहतो, वायूला आपल्याकडे ओढतो, आणि ढगाला वळण पडतं. केवढा ग्रह किती अंतरावर असला तर कसं वळण पडेल, हेच तिनं सहा वर्षं संगणकावर तपासलं होतं.

भाषण संपल्यावर एका वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर सागर उठला. आपल्या सूर्याचं काय होईल, असं त्यानं विचारलं. मंजुश्रीला प्रश्न आवडला. ती म्हणाली, "पाच-सहा अब्ज वर्षांनी सूर्यही असाच वायू सोडेल. तेव्हा गुरू आणि शनी त्याला किंचित, अगदी किंचित वळण देतील असा अंदाज आहे. ते गुरुत्वाकर्षणामुळे."

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'सूर्यालाही सुटका नाही! गुरू-शनीचा प्रभाव विज्ञानाने मान्य.' मंजुश्री ते वाचून हसली होती. तिची आई बनाबाई हसली नव्हती. "छापलेलं हाये ते," ती एवढंच म्हणाली होती. "लोकं वाचून राह्यले."

आता ती फ्लेक्ससमोर उभी होती, आणि आईचा आवाज तिच्या डोक्यात होता.

सागरचं ऑफिस म्हणजे मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात मागे टाकलेलं एक टेबल. मंजुश्री आत शिरली तशी त्यानं खुर्ची पुसली.

"मॅडम, तुमची बातमी जिल्ह्यात एक नंबर चालली."

"मी सभेत 'गुरुत्वाकर्षण' म्हणाले होते. तो शब्द बातमीत कुठे आहे?"

"एवढा मोठा शब्द हेडिंगमधी बसत नाही, मॅडम."

"आणि खाली? खाली चाळीस ओळी होत्या."

सागरनं मान खाजवली. "शब्द सगळे तुमचेच हायेत. ग्रह, सूर्य, गुरू, शनी. मी घरचं काय टाकलं?"

"तू 'प्रभाव' टाकला," मंजुश्री म्हणाली. पुण्यात घासून-पुसून घेतलेली तिची भाषा राग आला की गळून पडत असे. "मी बोलली काय अन् तू लिहिलं काय? चूक छापली तर दुरुस्ती बी छापा लागते. उद्याच्या उद्या."

दुरुस्ती तिसऱ्या दिवशी आली. सातव्या पानावर, म्हैस हरवल्याच्या जाहिरातीखाली, चार ओळी.

पण त्या दुपारी ती तिथून निघाली ती थेट झेरॉक्सच्या जिन्यानं वर गेली. प्रज्वल तिच्या पहिल्या बॅचचा मुलगा. बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते त्याला. पुढे त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला, दोन वर्षं नोकरी शोधली, आणि मग हे सेंटर उघडलं. आत एसी होता, लॅपटॉप होता, भिंतीला फ्रेममध्ये कसलंसं प्रमाणपत्र होतं. तिला पाहून तो उभा राहिला. पायाही पडला असता, तिनं पाय मागे घेतले.

"गुरुत्वाकर्षणाचा नियम सांग," ती म्हणाली.

तो हसला, पण त्यानं सांगितला. वस्तुमान, अंतर, अंतराचा वर्ग. एक शब्द चुकला नाही.

"मग शनीची तुझ्यावर ओढ किती?"

"नसल्यासारखीच, मॅडम."

"तुला माहीत आहे."

"हाव, माहीत हाये." प्रज्वल शांतपणे म्हणाला. "पण माह्याकडे लोक ओढ मोजाले येत नाहीत. कोणाचा जवान पोरगा गाडीखाली गेला, कोणाची पोरगी सासरी नांदत नाही. असं काऊन झालं, याचं कारण पाह्यजे असते त्यायले. कॉलेजात भेटते का ते?"

"म्हणून खोटं द्यायचं? माझ्या तोंडानं?"

"तुमचा मान वाढला त्याच्यानं. लोकं इचारतात, ह्या मॅडम आपल्या तालुक्याच्या का."

ती काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. पोलिसांत जाईन म्हणाली, नऊ वर्षं वाया गेली म्हणाली. प्रज्वल म्हणाला की फ्लेक्स उतरवतो, पण बांधणारा माणूस गावी गेला आहे, दोन दिवस द्या. तोवर जिन्यात माणसं जमली होती. मंजुश्री त्यांच्यातून वाट काढत खाली उतरली, रसवंतीवाल्याचा उसाच्या कांड्या तोडायचा कोयता तिनं न विचारता उचलला आणि फ्लेक्स मधोमध फाडला. तिच्या चेहऱ्याचा अर्धा भाग खाली आला. उरलेला अर्धा आणि शनीची कडी वर बांबूला फडफडत राहिली, तिथपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. चार-पाच जणांनी मोबाइल वर धरले होते.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तालुकाभर झाला. 'सत्य बोलल्यावर मॅडमना राग', असं कुणीतरी त्यावर लिहिलं होतं. तो तिला पाठवणाऱ्यांत छकुलीही होती.

छकुली तालुक्यात दुसरी आलेली मुलगी. मोताळ्यापासून आठ किलोमीटरवरच्या गावातली. बाप पुंजाजी कापूस-सोयाबीनवाला शेतकरी, आई विमलबाई. घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. पुण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता, अर्ज मंजुश्रीनंच बसवून भरून घेतला होता. व्हिडिओच्या खाली छकुलीनं लिहिलं होतं: "मॅडम, बा मला पुण्याला पाठवत नाहीत. निघायचा चांगला दिवस विचारायला ते प्रज्वल गुरुजीकडे गेले होते. माझी रास मीन आहे. मधली साडेसाती आहे म्हणाले. घर सोडलं तर पाण्यापासून जिवाला धोका आहे. बा म्हणतात, तुझ्याच मॅडमनं भर सभेत सांगितलं की शनी सूर्यालाही सोडत नाही."

मंजुश्रीनं ते तीन वेळा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्या सुटल्या स्कुटी गावाकडे वळवली.

पुंजाजी ओसरीत खाटेवर बसले होते. विमलबाई तूर निवडत होती. दोघांनी तिला मानानं बसवलं, छकुलीनं पाणी आणलं. पाण्याचा पेला हातात धरूनच मंजुश्रीनं सुरुवात केली. ग्रह कुठे, माणूस कुठे, बातमी चुकीची होती, फ्लेक्स खोटा होता. पुंजाजी ऐकत होते. मधेच म्हणाले, "पण मॅडम, त्या दिवशी आमी दोघं बी तिथी होतो. शनी वळण देते असं तुमीच सांगतलं. आता तुमी नाही म्हणता. आमी कोणतं खरं धरा?"

प्रश्न सरळ होता. सरळ उत्तर देता आलं असतं. पण दोन दिवसांचा राग साचला होता आणि समोर एक माणूस होता जो आपल्या मुलीला घरात बांधून घालत होता, तेही तिचं नाव घेऊन.

"तुम्हाला अक्कल आहे का?" मंजुश्री म्हणाली. "पोरीचं वाटोळं करून राह्यले तुमी."

विमलबाईचे हात सुपात थांबले. मग ती, आवाज न चढवता, म्हणाली, "मॅडम, तुमच्यात हे मानत नाहीत, आमाले माहीत हाये. आमच्यात मानतात. तुमच्या घरी येऊन आमी काही सांगतो का?"

तुमच्यात. नऊ वर्षांत मंजुश्रीनं हा शब्द किती गोड गोड आवाजांत ऐकला होता. स्टाफरूममध्ये, भाड्याची खोली पाहताना, लग्नाच्या पंगतीत. प्रत्येक वेळी तो गिळायला शिकली होती. इथे तिनं पेला खाली ठेवला आणि निघून आली. बाहेर स्कुटी सुरू होईना. मग लक्षात आलं, किल्ली फिरवायची राहिली होती.

घरी तिनं बनाबाईला सगळं सांगितलं. बनाबाईनं भाकरी उलटली. "ती बोलली ते वाईट बोलली," ती म्हणाली. "तू बोलली ते?"

"माये, तू कोणाच्या बाजूनं हायेस?"

"तुह्याच. म्हणून इचारून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं छकुली आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. एवढी शांत मुलगी, वर्गात उत्तर येत असूनही हात अर्धाच वर करणारी. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मॅडम, तुमी काऊन आल्या होत्या काल?"

"तुझ्यासाठी."

"नाही. तुमच्या फोटोसाठी." छकुली म्हणाली. "माह्यासाठी आल्या असत्या तर मले एक शब्द तरी इचारला असता. मी तिथीच उभी होती, पेला घेऊन. तुमी भांडल्या, आई बोलली, तुमी गेल्या. मंग रातभर मले एकटीले ऐका लागलं. माह्या बाची अक्कल आजपर्यंत कोणी काढली नव्हती. अन् आई जे बोलली त्याची मले लाज वाटते. दोन्हीच्या मधात मी."

मंजुश्रीला उत्तर द्यायचं होतं. राग तर आलाच, तोही या मुलीचा. पण त्या रागाच्या खाली काहीतरी टोचलं, कारण फ्लेक्स फाडताना तिच्या मनात छकुली नव्हतीच. तिला तेव्हा काही माहीतच नव्हतं, हे खरं. पण काल माहीत होतं.

"मग काय करू?" तिनं विचारलं.

"मी बाले म्हटलं, एक डाव माह्यासमोर इचारा. ते आज अकरा वाजता येणार हायेत गुरुजीकडे. तुमी बी या." छकुली थांबली. "पण बोलू नका. काही झालं तरी."

अकरा वाजता ते चौघं त्या एसीच्या खोलीत होते. पुंजाजी आणि छकुली पुढच्या खुर्च्यांवर, मंजुश्री मागे भिंतीजवळच्या स्टुलावर, समोर प्रज्वल. त्यानं लॅपटॉप फिरवून कुंडली दाखवली, मीन रास, शनी कुठे, केव्हापर्यंत. त्याचा आवाज मऊ होता. शांती केली तर त्रास कमी होईल, पण दोन वर्षं बाहेर पाठवू नका, म्हणाला. पुंजाजी मान हलवत होते. मंजुश्रीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

छकुलीनं पिशवीतून वहीचं एक पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: छकुली पुंजाजी ही शिक्षणासाठी पुण्यास गेल्यास शनीमुळे तिच्या जिवाला पाण्यापासून धोका आहे. खाली सही, तारीख आणि शिक्क्यासाठी जागा सोडली होती.

"एवढ्यावर सही करा, गुरुजी," ती म्हणाली.

प्रज्वल हसला. "असं लिहून देत नसतात, ताई."

"काऊन?"

"हे शक्यतेचं शास्त्र हाये."

"मंग शक्यता किती ते लिहा. शंभरात किती. अन् त्यात चूक किती होऊ शकते ते बी. आमाले प्रॅक्टिकलले चूक लिहा लागत होती, नाहीतर मॅडम वही परत देत."

प्रज्वलनं एकदा मागे मंजुश्रीकडे पाहिलं. "मॅडमनं पढवून पाठवलं तुले."

मंजुश्रीच्या तोंडात दहा वाक्यं आली. तिनं दात दाबले. आयुष्यात गप्प बसणं तिला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत," छकुली म्हणाली. "तुमी सही करा."

पुंजाजींनी ते पान उचललं. जवळ धरून, लांब धरून सावकाश वाचलं आणि परत टेबलावर ठेवून प्रज्वलपुढे सरकवलं. "करून द्या ना, गुरुजी. जिनिंगवाला बी कापसात ओलावा किती ते चिठ्ठीवर लिहून देते अन् खाली सही करते. उद्या मी भांडलो तर ती चिठ्ठी असते माह्या हातात."

"पुंजाजीभाऊ, हा विश्वासाचा विषय हाये. ठेवायचा तर ठेवा."

"कालपर्यंत ठेवत होतो," पुंजाजी म्हणाले. "आज इचारून राह्यलो. पोरीच्या जिवाचं तुमी तोंडानं सांगता, मंग हातानं लिहाले काय होते?"

प्रज्वलनं पेन उचललं नाही. लॅपटॉपची स्क्रीन अर्धी खाली केली आणि म्हणाला की बाहेर दुसरी माणसं थांबली आहेत. बाहेर कुणीही नव्हतं. पुंजाजींनी पानाची घडी करून खिशात घातली आणि उठले.

बसस्टँडवर आल्यावर ते मंजुश्रीकडे न पाहता म्हणाले, "पण मॅडम, त्या दिवशी तुमी सांगतलं ते काय होतं मंग? ग्रह त्या ताऱ्याच्या ढगाले काही करते का नाही करत?"

"करतो." या वेळी तिनं घाई केली नाही. "उपणताना भुसा वाऱ्यावर जातो. मधे कुणी उभं राहिलं तर भुशाच्या ढिगाचा आकार बदलतो. त्या माणसाचं भुशाशी वैर नसतं. तो जवळ असतो आणि आडवा असतो, एवढंच. तिथला ग्रहही तसाच. जड असतो, त्या वायूतच फिरत असतो, म्हणून वळण पडतं. ताऱ्याची रास काय, हे त्याला ठाऊक नसतं."

"अन् दूर असला तर?"

"तर नाही. शनी इतका दूर आहे की ही बस तुमच्या खांद्याजवळ उभी आहे ना, तिची तुमच्यावरची ओढ शनीपेक्षा जास्त आहे."

पुंजाजींनी बसकडे पाहिलं. ते हसले नाहीत, पण त्यांना ते पटल्याचं दिसलं.

"काल मी बोलले ते चुकलं," मंजुश्री म्हणाली.

"आमच्या घरून बी चुकलं," ते म्हणाले. ती तेवढ्यानं निवली नाही. त्या घरात पुन्हा पाणी प्यायला आपण कधी जाऊ, हे तिला सांगता आलं नसतं. पण तिनं मान हलवली.

मग तिघं नेट कॅफेत गेले. पुण्याच्या कॉलेजचं पान उघडलं, प्रवेशाची मुदत संध्याकाळपर्यंत होती. होस्टेलच्या चौकटीत मात्र लाल अक्षरांत 'जागा पूर्ण' आलं. मंजुश्रीनं फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली की शेवटच्या चार खोल्या काल दुपारी गेल्या. काल दुपारी छकुलीचे कागद तयार होते, पिशवीत भरलेले होते, आणि मंजुश्री ओसरीत बसून तिच्या बापाची अक्कल काढत होती. पुण्यात पोरीला एकटीला खोली करून ठेवायला पुंजाजी तयार नव्हते, आणि या बाबतीत त्यांच्याशी भांडायला तिच्याकडे काही नव्हतं.

छकुली रडली नाही. "अमरावतीचं पाहा," ती म्हणाली. "तिथी होस्टेल हाये." तिथे प्रवेश मिळाला. पुंजाजी स्वतः तिला सोडून आले.

जुलैत प्रज्वलचा नवा फ्लेक्स लागला. मंजुश्रीचा फोटो नव्हता, नाव नव्हतं. 'विज्ञानाचा आधार', एवढं मात्र होतं. त्यावर तक्रार कुठे करायची, हे तिला कुणी सांगू शकलं नाही. तिनं एक पूर्ण लेख लिहून सागरला दिला, तेजोमेघांवर, ग्रहांवर, आणि तिच्या नावाचा वापर कसा झाला त्यावर. त्यानं शेवटचा भाग कापला आणि मथळा दिला: 'ताऱ्यांच्या मरणामागे ग्रहांचा हात?'

लेख छापून आला त्या सकाळी मंजुश्री फोन करून ओरडली नाही. तिनं कात्रण काढलं, सत्तर झेरॉक्स काढल्या आणि अकरावीच्या पहिल्या तासाला वाटल्या. पुस्तक उघडू नका म्हणाली. सोबत आपल्या मूळ लेखाची प्रत दिली. "दोन्ही वाचा. कुठे काय बदललं, ते पेननं खूण करा."

तिला स्वतःला सहा जागा सापडल्या होत्या. वर्गानं सात काढल्या. सातवी काढणारी दीपमाला मागच्या बाकावरची, नुकतीच दुसरबीडहून मामाकडे शिकायला आलेली. उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिलं, 'तारा वायू सोडतो तेव्हा ग्रह त्याला वळण देतो.' यांनी छापलं, 'ग्रह ताऱ्याला वायू सोडायला लावतो.' म्हणजे आधी कोण, नंतर कोण, तेच फिरवलं."

मंजुश्रीनं आपली प्रत पुन्हा पाहिली. खरंच होतं. तिचा राग पुन्हा तसाच कानांपर्यंत चढला. "ये पुढे," ती म्हणाली, आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला. "फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात."